मोकळं शहर बांधावं लागतं

मी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मोबाइल गेमसाठी लेव्हल डिझाइन करते. खेळणाऱ्याने कुठून शिरायचं, कुठे अडायचं आणि कुठे त्याला वाटायला हवं की हा रस्ता आपणच शोधून काढला, हे ठरवणं म्हणजे माझं काम. स्टुडिओत नवीन मुलं रुजू झाली की दोन-चार दिवसांत त्यांच्यातलं कोणीतरी विचारतंच, “ताई, आपण जीटीएसारखं ओपन वर्ल्ड का नाही करत?” त्यांच्या डोक्यात असतो तो भलामोठा नकाशा. नकाशा मोठा केला की गेम आपोआप मोकळा होतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

जीटीए म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’. या मालिकेसोबतच मी वाढले. साताऱ्याला आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो दादाच्या एमएस-सीआयटीच्या नावाने, पण त्यावर सगळ्यात जास्त चालला तो ‘व्हाइस सिटी’. पुढे याच धंद्यात आल्यावर तेच गेम पुन्हा खेळले, या वेळी शेजारी वही ठेवून. १९९७ च्या चपट्या शहरापासून आजपर्यंत ही मालिका कशी बदलत गेली हे बघताना जे पक्कं होत गेलं, ते इथे मांडते आहे. सगळ्याच्या मुळाशी गोष्ट एकच: खेळणाऱ्याला जी मोकळीक वाटते ती कोणीतरी मोजूनमापून, बरंच काही नाकारून बांधलेली असते.

१. प्रत्येक बग मारायचा नसतो

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात डीएमए डिझाइन नावाचा स्टुडिओ होता. १९९१ च्या ‘लेमिंग्ज’मुळे त्याचं नाव झालेलं. १९९५ च्या सुमारास तिथे ‘रेस-एन-चेस’ या गेमचं काम सुरू झालं. चोर-पोलिसांचा खेळ, हवं तर चोर व्हा, हवं तर पोलीस. काम रखडत गेलं, गेम सारखा क्रॅश व्हायचा, पोलीस होऊन खेळण्यात मजा येईना, आणि प्रकल्प गुंडाळायची वेळ आली. अशात पोलिसांच्या गाड्या चालवणाऱ्या कोडमध्ये काहीतरी बिघडलं. खेळणाऱ्याला अडवण्याऐवजी त्या गाड्या थेट त्याच्या अंगावर येऊ लागल्या, जणू त्याच्या आरपारच जायचंय. टेस्टिंग करणाऱ्यांना हा पिसाट पाठलाग इतका आवडला की पुढे सगळा गेमच त्याच्याभोवती रचला गेला.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ आला. कॅमेरा डोक्यावर, खाली गाड्यांचे टप आणि माणसांची डोकी. लिबर्टी सिटी, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास ही तिन्ही नावं याच गेममधली. रस्त्यावरचा फोन वाजला की उचलायचा, काम घ्यायचं, ठरलेले गुण झाले की पुढच्या शहरात जायचं. विनोदाची जात मात्र तेव्हापासूनच क्रूर. भगवे कपडे घातलेले हरे कृष्ण भक्त ओळीने चालत यायचे आणि अख्खी ओळ गाडीखाली घेतली की पडद्यावर ‘गौरांगा’ असं झळकून बोनस मिळायचा. हे वाचून आपल्याकडच्या कोणाला हसू येईल असं वाटत नाही, पण मालिका कोणत्या मुशीतून निघाली ते यातून कळतं.

अपघाताची कदर करायची ही सवय त्यांची पुढेही टिकली. ‘जीटीए थ्री’ करताना चंद्र केवढा असावा यावर आर्टिस्ट मंडळींचं एकमत होईना. तेव्हाचे तांत्रिक प्रमुख ओबे व्हर्मेय यांनी सोय करून दिली: स्नायपर रायफलने चंद्रावर गोळी झाडा, त्याचा आकार बदलेल, बघा आणि ठरवा. ठरवायचं राहून गेलं आणि ती सोय तशीच गेममध्ये बाजारात गेली. खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की हे मुद्दाम लपवलेलं गुपित आहे.

आमच्याकडे टेस्टरकडून बगची यादी आली की मी आधी एवढंच विचारते: “हे झालं तेव्हा तू वैतागलास की हसलास?” हसला असेल तर तो बग लगेच मारत नाही, बाजूला काढून ठेवते.

२. गोष्ट कळली नाही तरी शहर कळलं पाहिजे

आम्हा भावंडांना ‘व्हाइस सिटी’चं कथानक कळलंच नव्हतं. १९८६ सालचं मायामीसारखं शहर, तुरुंगातून सुटलेला टॉमी व्हर्सेटी, त्याला आवाज देणारा रे लिओटा, हे सगळं फार नंतर समजलं. इंग्रजी भराभर बोललं जायचं आणि सबटायटल त्याहून भराभर पळायचं. रिमोटवरच्या हेलिकॉप्टरने बांधकामावर बॉम्ब ठेवायच्या मिशनला दादा जो अडकला तो अडकलाच. तरी आम्ही रोज खेळायचो.

ते का जमलं, याचं उत्तर २००१ च्या ‘जीटीए थ्री’त आहे. त्या गेमने शहर थ्रीडीत आणलं हे सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट: काही खास गाड्यांत एकेक वेगळा खेळ ठेवला होता. टॅक्सीत बसलात की भाडी मारा, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसलात की पेशंट पोहोचवा, अग्निशमनचा बंब घेतला तर आगी विझवा, पोलिसांची गाडी पळवली तर गुन्हेगार पकडा. यातलं काहीही खेळायला भाषा लागत नव्हती. ‘व्हाइस सिटी’त अ‍ॅम्ब्युलन्सच्या बारा पातळ्या पार केल्या की टॉमी न थकता पळू शकायचा. हा शोध आमच्या गल्लीतल्या एका मुलाला लागला, तेव्हा त्याचा भाव महिनाभर वधारलेला होता.

बाकीची कसर चीट कोडनी भरून काढली. प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर ती यादी असायची. ‘अ‍ॅस्पिरिन’ टाइप केलं की तब्येत ठणठणीत, ‘लीव्ह मी अलोन’ सलग टाइप केलं की पोलीस मागे हटले. ‘सॅन अँड्रियास’ आल्यावर ‘हेसोयाम’. तब्येत, चिलखत आणि अडीच लाख डॉलर एका दमात. इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत आमच्या शाळेला जे साधलं नाही ते या यादीने साधलं.

नवीन लेव्हल तपासताना मी सगळी मिशनं बंद करते आणि कोणालातरी खेळायला बसवते. त्याने स्वतःहून काही उद्योग शोधला तर जागा जिवंत आहे. “आता काय करू?” असं त्याने विचारलं, तर अजून काम बाकी आहे.

३. बंद पूल शहर मोठं करतो

‘जीटीए थ्री’त सुरुवातीलाच पूल उडतो आणि आपण पोर्टलंड बेटावर अडकतो. ‘व्हाइस सिटी’त वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद. ‘सॅन अँड्रियास’मध्ये पलीकडे पाऊल टाकलं की पोलीस किती खवळलेत ते दाखवणारे थेट चार तारे आणि मागे पोलीस. ‘जीटीए फोर’मध्ये दहशतवादी हल्ल्याच्या धास्तीने नाकेबंदी. प्रत्येक वेळी कारण वेगळं, हेतू तोच: एवढ्यात सगळं मिळणार नाही.

याचा फायदा मला उशिरा उमगला. अर्धं शहर बंद असलं की उरलेल्या अर्ध्याची गल्ली न् गल्ली पाठ होते. ओशन बीचचा रस्ता, मॉल, कुठल्या गच्चीवर काय ठेवलंय, हे मला आजही आठवतं. आणि पाण्यापलीकडे दिसणारी बंद वस्ती मनातल्या मनात खऱ्यापेक्षा कितीतरी मोठी होत जाते. टॉमीला पोहताही येत नव्हतं. पाण्यात पडला की खेळ खलास. त्यामुळे किनारा ही खरीखुरी सीमा वाटायची.

२०१३ च्या ‘जीटीए फाइव्ह’ने सुरुवातीचा एक प्रसंग संपताच अख्खा नकाशा खुला करून टाकला. लोकांनी स्वागत केलं आणि ते रास्तही होतं. पण तो नकाशा मला कधी पाठ झाला नाही. पहिल्याच दिवशी विमानाने वरून उडून गेलेल्या जागेला नंतर भेट द्यावीशी वाटायला काहीतरी जबर कारण लागतं.

४. धुकं काढलं की डोंगराची टेकडी होते

प्लेस्टेशन टू या यंत्राची मेमरी होती ३२ मेगाबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा लग्नाचा एखादा व्हिडिओ त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत २००४ साली ही मालिका काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने ‘सॅन अँड्रियास’ बसवला: तीन शहरं, मधली खेडी, वाळवंट, जंगल आणि माउंट चिलियाड.

बसवला म्हणजे सगळं एकदम मेमरीत नव्हतंच. आपण जिथे आहोत त्याच्या आसपासचाच भाग डीव्हीडीवरून उचलला जायचा आणि मागचा पुसला जायचा. गाड्यांची मॉडेलंही एका वेळी मोजकीच. म्हणूनच एखादी दुर्मीळ गाडी मोठ्या कष्टाने मिळवली की तिच्या बहिणी रस्त्यावर जिकडेतिकडे दिसायला लागायच्या. ते मॉडेल मेमरीत आलेलंच असायचं, मग तेच पुन्हा पुन्हा वापरलं जायचं. लांबचं काही दिसू नये म्हणून हवेत धुरकट, नारिंगी झाक. लॉस सँटोस शहरातून निघून त्या धुरकटात शिरलं की वाटायचं, केवढा लांबचा प्रवास करतोय आपण.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या तीन गेमची नवी ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती आली. नवं इंजिन, लख्ख प्रकाश आणि धुकं गायब. चिलियाडवर उभं राहिलं तर तिन्ही शहरं एकमेकांच्या कुशीत बसलेली दिसू लागली. ज्याला आपण राज्य समजत होतो ते तालुक्याएवढंही नाही, हे उघडं पडलं. दुकानांच्या पाट्यांवरची बिघडलेली अक्षरं, डोळ्यांना टोचणारा पाऊस, बेढब चेहरे यांच्यावर इतकी टीका झाली की रॉकस्टारने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. पुढे २०२४ मध्ये जुन्या धाटणीचा प्रकाश आणि धुकं परत देणारा पर्याय आला.

आमच्या बैठकीत कोणी म्हणालं, “ही तांत्रिक मर्यादा आहे, जमलं की काढून टाकू,” तर मी हे उदाहरण देते. मर्यादेतून आलेली गोष्ट पुष्कळदा डिझाइनचाच खांब होऊन बसलेली असते. काढण्यापूर्वी तिच्यावर काय काय तोललं आहे ते बघून घ्यावं.

५. शहराचं वय रेडिओ सांगतो

‘व्हाइस सिटी’चे रंग, हवाईयन शर्ट, निऑन दिवे हे सगळं खरं, पण गाडीत बसल्यावर वाजणारा रेडिओ नसता तर ते १९८६ वाटलं नसतं. फ्लॅश एफएम, व्ही-रॉक, इमोशन ९८.३; प्रत्येक स्टेशनला स्वतःचा निवेदक, स्वतःच्या जाहिराती, स्वतःचा तिरकसपणा. गेमच्या गाण्यांचा सात सीडींचा संच वेगळा विकला गेला. गप्पांच्या स्टेशनांवरून अमेरिकन समाजाची जी खिल्ली उडायची ती तर मिशनमधल्या संवादांपेक्षा धारदार. राजकारणी, सेल्फ-हेल्पवाले गुरू, बंदूकप्रेमी, कोणालाच सोडलेलं नाही. विशेष म्हणजे हा उपहास घडवणाऱ्यांपैकी सॅम आणि डॅन हाउझर हे बंधू लंडनचे. अमेरिकेकडे बाहेरून बघणाऱ्यांनाच अमेरिकेचं हे अर्कचित्र इतकं नेमकं जमलं असावं.

पीसीवरच्या आवृत्तीत आणखी एक सोय होती: एका फोल्डरमध्ये आपली एमपीथ्री गाणी टाकली की ती गाडीतल्या रेडिओवर वाजायची. त्यामुळे आमच्या व्हाइस सिटीत पांढरी इन्फर्नस समुद्रकिनाऱ्यावरून सुसाट जायची आणि आत लावणी चालू असायची. मागून पोलीस, पुढून पाम वृक्ष, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “आवाज कमी करा रे त्याचा!”

उसन्या आवाजाला मुदत मात्र असते. गाण्यांचे परवाने संपले की गाणी काढावी लागतात. मायकल जॅक्सनची गाणी ‘व्हाइस सिटी’च्या नंतरच्या आवृत्त्यांतून गेली. २०१८ मध्ये ‘जीटीए फोर’ला दहा वर्षं झाल्यावर त्यातलीही बरीच गाणी गेली, व्लादिवोस्तोक एफएम या स्टेशनला त्याचा मोठा फटका बसला. गेमसाठी संगीत घेताना परवाना किती वर्षांचा आहे, हा प्रश्न मी पहिल्याच बैठकीत विचारते. लोकांना तो क्षुल्लक वाटतो.

६. लपवलेलं म्हणजे काढलेलं नव्हे

बदनामी या मालिकेला जन्मापासून चिकटलेली आहे आणि पहिल्यांदा ती मुद्दाम चिकटवलेली होती. १९९७ मध्ये प्रकाशक बीएमजी इंटरॅक्टिव्हने मॅक्स क्लिफर्ड या प्रसिद्धीतज्ज्ञाला हाताशी धरलं. गेम बाजारात येण्याआधीच ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात त्यावर चर्चा झाली, वृत्तपत्रांनी ओरड केली, आणि जाहिरात फुकटात झाली.

२००५ चं प्रकरण मात्र कोणी रचलेलं नव्हतं. ‘सॅन अँड्रियास’मधलं एक लैंगिक दृश्य रॉकस्टारने गाळायचं ठरवलं, पण कोड काढला नाही; फक्त तिथे जायची वाट बंद केली. एका डच प्रोग्रामरने ती वाट उघडणारा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून केलेला बदल, तयार केला. हेच ते ‘हॉट कॉफी’ प्रकरण. अमेरिकेच्या मानांकन मंडळाने गेमला थेट ‘फक्त प्रौढांसाठी’ या वर्गात टाकलं, मोठ्या दुकानांनी फळ्यांवरून खोकी उतरवली, हिलरी क्लिंटन यांनी चौकशीची मागणी केली. आमच्या धंद्यात घाईच्या दिवसांत “आत्ता बंद करून ठेवू, नंतर काढू” हे वाक्य रोज ऐकू येतं. त्यावर मी फक्त “हॉट कॉफी” एवढंच म्हणते आणि समोरचा निमूट फाइल डिलीट करतो.

पालक भेटले की विचारतात, मुलाला हा गेम द्यावा का? नको. अमेरिकेत सतरा आणि युरोपात अठरा वर्षं अशी वयोमर्यादा त्यावर छापलेली असते आणि ती गंभीरपणे घ्यावी. “पण तू तर शाळेत असताना खेळलीस,” असं नातेवाईक लगेच सुनावतात. तेव्हाची माणसं ठोकळ्यांची होती. ‘जीटीए फाइव्ह’मध्ये एका माणसाचा छळ खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने करायचा असतो, तेही जवळून, चेहऱ्यावरची शिर न् शिर दिसत असताना. तंत्र सुधारलं तसा हिंसेचा अर्थही बदलला.

७. वजन आणलं की काही तरी टाकावं लागतं

२००८ चा ‘जीटीए फोर’ अनेकांना पचला नाही. ‘सॅन अँड्रियास’मध्ये जेट विमान होतं, पॅराशूट होतं, जिम होती, खाऊन जाड व्हा, व्यायाम करून पिळदार व्हा. आणि आता? विमान चालवता येईना, जिम नाही, गाड्या वळणावर बोटीसारख्या झुकायच्या, आणि चुलतभाऊ रोमन ऐन पाठलागात फोन करून विचारायचा, बोलिंगला येतोस का?

पण हे कमी करण्यामागे हिशेब होता. निको बेलिक हा पूर्व युरोपातल्या युद्धातून आलेला माणूस. अमेरिकेत सुख आहे या भावाच्या थापेवर विश्वासून बोटीतून उतरतो आणि त्याच्या हाती लागते एक कुबट खोली. अशा माणसाच्या पाठीवर जेटपॅक शोभला नसता. नवं इंजिन आणि युफोरिया हे हालचालींचं तंत्र आल्यामुळे धडकलेला माणूस प्रत्येक वेळी वेगळा पडायचा, दाराला लटकायचा, पायऱ्यांवरून धडपडायचा. माणसांना वजन आलं. मग त्यांच्या मरणालाही आलं, आणि ‘व्हाइस सिटी’त जे खिदळत केलं ते इथे करताना हात जरा थांबू लागला.

त्याच वर्षी आलेल्या ‘सेंट्स रो टू’ने उलटी वाट धरली: वेडेपणा वाढवा, गांभीर्य फेका. दोन्ही गेम आपापल्या जागी बरोबर होते. गंभीर नायक आणि धांगडधिंगा हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं याचं उत्तर पुढे ‘जीटीए फाइव्ह’ने दिलं, ते तीन नायक करून. संसाराला कंटाळलेला मायकल, धडपडा फ्रँकलिन आणि कसलाच धरबंध नसलेला ट्रेव्हर. कोणता स्वभाव चालवायचा ते खेळणाऱ्याने ठरवावं. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कॅमेरा आकाशात जातो आणि दुसरीकडे खाली उतरतो. तेवढ्या वेळात नवी जागा मेमरीत येते. लोडिंगची वाट बघतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

८. पोलिसांना डोळे द्या

जुन्या भागांतले पोलीस सर्वज्ञ असायचे. तुम्ही कुठल्याही बोळात लपा, त्यांना ठाऊक. सुटका म्हणजे गाडीला रंग देणारं दुकान गाठणं किंवा रस्त्यात तरंगणारा लाचेचा तारा उचलणं. ‘जीटीए फोर’ने नकाशावर शोधाचं वर्तुळ दाखवलं: त्यातून न दिसता बाहेर पडा, सुटलात. ‘जीटीए फाइव्ह’मध्ये नकाशावर प्रत्येक पोलिसाच्या नजरेचा पट्टा दिसू लागला. आता तुम्ही भिंतीआड थांबता, पट्टा वळेपर्यंत श्वास रोखता आणि निसटता. ताऱ्यांची संख्या सहावरून पाचवर आली, पण पाठलाग अधिक अवघड आणि अधिक न्याय्य झाला.

शत्रू ताकदवान करण्यापेक्षा त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते खेळणाऱ्याला कळू द्यावं. हरलेल्या माणसाला आपण का हरलो ते कळलं, तर तो पुन्हा खेळतो.

९. खेळणारे शेवटी स्वतःचाच गेम करतात

‘जीटीए फाइव्ह’ने तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री केली आणि पुढे वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. तो तीन पिढ्यांच्या कन्सोलवर टिकला त्याचं मुख्य कारण १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालेला ‘जीटीए ऑनलाइन’. टोळी जमवून दरोडे घाला, बंगले घ्या, विमानं घ्या. पैसा इतका येत राहिला की एकट्याने खेळायच्या कथेला नवा भाग जोडलाच गेला नाही. निकोच्या गेमला दोन सुंदर उपकथा मिळाल्या होत्या. मायकल-ट्रेव्हरला एकही नाही. मला हे नुकसान वाटतं.

एवढ्या श्रीमंत गेममध्येही लोडिंग मिनिटानुमिनिटं चालायचं. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रामरने कारण शोधलं. दुकानातल्या वस्तूंची दहा मेगाबाइटची यादी वाचताना कोड प्रत्येक पावलावर उरलेल्या मजकुराची लांबी पहिल्यापासून मोजत होता. दुरुस्तीने वेळ सुमारे सत्तर टक्के कमी झाला. रॉकस्टारने त्याला दहा हजार डॉलर दिले आणि दुरुस्ती गेममध्ये घेतली. सात वर्षं सगळ्यांना वाटत होतं, शहर मोठं आहे म्हणून वेळ लागतो. आमच्याकडे “गेम जड आहे हो” हे कारण मी त्यानंतर मोजमाप दाखवल्याशिवाय ऐकून घेत नाही.

खेळणाऱ्यांनी मात्र याहून मोठी गंमत केली. फाइव्हएमसारख्या मॉडच्या आधारे चालणाऱ्या खासगी सर्व्हरवर त्यांनी रोलप्ले सुरू केला. तिथे कोणी टॅक्सी चालवतो, कोणी डॉक्टर, कोणी वकील, आणि पुष्कळ जण हौसेने पोलीस होतात. सिग्नल तोडणाऱ्याला थांबवून पावती फाडतात. आपल्याकडची मुलं मराठी-हिंदीत बोलत तासन्‌तास हे खेळतात आणि हजारो लोक बघतात. एकेकाळी अशा मॉडवाल्यांवर बंदी घालणाऱ्या रॉकस्टारने २०२३ मध्ये फाइव्हएमची टीम स्वतःत सामील करून घेतली. डंडीत ‘रेस-एन-चेस’ करताना पोलीस होण्यात मजा नव्हती; समोरचा चोर यंत्र होता, हेही त्याचं एक कारण असावं. चोर माणूस झाल्याबरोबर पोलीस होणं रंगतदार झालं.

१०. पुढचा गेम बघताना नकाशा शेवटी बघा

२००१, २००२, २००४: तीन वर्षांत तीन गेम. आणि आता ‘फाइव्ह’नंतर ‘सिक्स’ला तेरा वर्षं. पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला; तारीख २०२५ वरून मे २०२६ आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर गेली. जागा पुन्हा व्हाइस सिटी, लिओनिडा या काल्पनिक राज्यातली. नायक दोघं, जेसन आणि लुसिया. थ्रीडी झाल्यापासूनच्या मुख्य कथांमध्ये बाई नायिका म्हणून पहिल्यांदाच येते आहे. गंमत अशी की १९९७ च्या पीसीवरच्या गेममध्ये निवडायला बायकाही होत्या. डोकंच दिसायचं म्हणून फरक पडत नव्हता एवढंच. चेहरा, आवाज आणि कथा द्यायची वेळ आल्यावर मात्र पंचवीस वर्षं लागली. दादाच्या शेजारी बसून “आता माझी पाळी” म्हणणाऱ्या मुली तेव्हाही होत्या.

स्टुडिओतली मुलं आत्तापासून नव्या नकाशाची मापं काढत बसली आहेत. ट्रेलरमधला कुठला पूल कुठे येईल याचे आराखडे भिंतीवर लावलेत. मी त्यांना वेगळी यादी दिली आहे. कुठलंच मिशन न घेता पहिला तास कसा जातो? कोणती जागा सुरुवातीला बंद ठेवली आहे आणि ती उघडते तेव्हा काय वाटतं? पोलिसांना किती दिसतं? रेडिओ कोणाची टिंगल करतो आणि कोणाला घाबरतो? लुसियाला करता येतं पण जेसनला येत नाही, असं काय आहे? जुन्या गेममधलं काय मुद्दाम टाकून दिलं आहे? एवढ्याची उत्तरं लिहून आणली की मग नकाशाची लांबी-रुंदी सांगा. त्यानंतर आपण आपल्या ओपन वर्ल्डबद्दल बोलू, आणि सुरुवात एका गल्लीपासून करू.